निवडणूक जिंकली, पण सत्ता कोणाची? : लेबनॉनची २००९ ची निवडणूक समजून घेताना



आमच्या शाळेत दरवर्षी जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. चिठ्ठ्या, पेटी, बोटाला शाई, सगळं रीतसर. मागे एकदा क्रीडामंत्री म्हणून आठवीतली एक मुलगी निवडून आली. मोजणी सर्वांसमोर झाली, कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी मैदानावर खेळच बंद! चौकशी केली तेव्हा कळलं, की हरलेल्या मुलाची स्वतःची बॅट होती आणि शाळेची बॅट कधीचीच मोडलेली होती. "ज्याची बॅट, त्याची बॅटिंग" हा गल्लीतला नियम त्याने शाळेत आणला. शेवटी दोघांनी आपसात मिटवलं: मंत्री ती, पण संघ निवडायचा त्याने. तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, मग आम्ही मतं कशाला दिली?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. "मतदार हा राजा" असं आपण फळ्यावर लिहितो. पण मत देणं आणि सत्ता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे आपण मुलांना सांगतो का? हा फरक समजून घ्यायला लेबनॉन या छोट्याशा देशाचं उदाहरण फार उपयोगी पडतं. म्हणून आजचा लेख.

लेबनॉन : ओळख

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया आणि इस्रायल यांच्यामध्ये हा देश आहे. राजधानी बैरूत. क्षेत्रफळ १०,४५२ चौ. किमी, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. पण एवढ्याशा देशात अधिकृत मान्यता असलेले १८ धर्मपंथ आहेत. त्यांत मॅरोनाईट ख्रिश्चन, सुन्नी मुस्लिम, शिया मुस्लिम आणि द्रूझ हे राजकारणात विशेष महत्त्वाचे.

ज्यांची मुलं सीबीएसईला आहेत, त्या पालकांना एक आठवण करून देते. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्तेच्या वाटणीवरील पाठात विक्रम-वेताळाची एक चौकट आहे. तिच्यातला खलील बैरूतचाच. वडील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आई सुन्नी मुस्लिम. त्याला देशात मोठ्या पदावर जायचं आहे, पण पदं पंथाप्रमाणे वाटलेली! ती चौकट बऱ्याच वेळा "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडली जाते. सोडू नका, तिथूनच हा विषय सुरू करता येतो.

पदांची वाटणी कशी आहे?

१९४३ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून देश स्वतंत्र झाला. तेव्हा पुढाऱ्यांनी एक तोंडी करार केला. त्याला 'राष्ट्रीय करार' म्हणतात. त्यानुसार :

१. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाईट ख्रिश्चन,
२. पंतप्रधान सुन्नी मुस्लिम,
३. संसदेचा सभापती शिया मुस्लिम.

संसदेतील जागा ख्रिश्चन आणि मुस्लिम यांच्यात ६ : ५ या प्रमाणात वाटल्या गेल्या. आधार होता १९३२ ची जनगणना. लक्षात घ्या, त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेलीच नाही. कारण साधं आहे. माणसं मोजली, की जागांचं प्रमाण बदलायची मागणी येणार. म्हणून मोजायचंच नाही!

१९७५ ते १९९० या काळात देशात भीषण यादवी युद्ध झालं. मृतांचा आकडा साधारण दीड लाखापर्यंत सांगितला जातो. प्रत्येक पंथाच्या, प्रत्येक पुढाऱ्याच्या सशस्त्र टोळ्या होत्या. १९८९ मध्ये सौदी अरेबियातील ताइफ शहरात समझोता झाला. आपल्या देशाचं भांडण मिटवायला परदेशात जावं लागलं, ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्या, कारण पुढेही तेच होणार आहे. या समझोत्याने जागांचं प्रमाण निम्मं-निम्मं झालं. आज संसदेत १२८ जागा आहेत : ६४ ख्रिश्चन, ६४ मुस्लिम आणि द्रूझ.

इथे मुलं हमखास एक प्रश्न विचारतात : म्हणजे ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांनाच मत द्यायचं का? नाही. आपल्याकडे राखीव मतदारसंघात उमेदवार ठरावीक प्रवर्गातला असतो, पण मत सगळेच देतात. तसंच तिथे आहे.

शस्त्रं कोणाकडे राहिली?

समझोत्यानंतर सगळ्या टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवायची होती. बहुतेकांनी ठेवली. अपवाद राहिला तो हिजबुल्लाचा. ही शिया संघटना १९८० च्या दशकात इराणच्या मदतीने उभी राहिली. दक्षिण लेबनॉन तेव्हा इस्रायलच्या ताब्यात होता, आणि त्याविरुद्ध लढणारी ती 'प्रतिकार' चळवळ आहे, टोळी नव्हे, असं कारण देऊन तिची शस्त्रं कायम राहिली. मे २००० मध्ये इस्रायलने दक्षिण भाग सोडला, तरीही ती राहिली. याच दक्षिण भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९९८ पासून आपल्या भारतीय सैन्याची तुकडीही तैनात आहे. वर्गात कोणाच्या घरी सैनिक असेल, तर त्या मुलाला हा नकाशा अचानक जवळचा वाटतो.

हिजबुल्ला म्हणजे फक्त बंदुका नाहीत, हेही सांगायला हवं. तिचे दवाखाने आहेत, शाळा आहेत, संसदेत खासदार आहेत. वर्षानुवर्षं सरकारने दुर्लक्ष केलेल्या गरीब शिया वस्त्यांमध्ये तिला मनापासून पाठिंबा आहे. आणि पैसा? संघटनेचा खर्च आणि शस्त्रं इराणकडून येतात, हे तिचे नेते हसन नसरल्ला यांनी २०१६ मध्ये जाहीर भाषणातच सांगितलं होतं.

दोन तारखांचे दोन गट

१४ फेब्रुवारी २००५ रोजी माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची बैरूतमध्ये प्रचंड बॉम्बस्फोटात हत्या झाली. त्यांच्यासह २२ जण मारले गेले. सीरियाचं सैन्य १९७६ पासून लेबनॉनमध्ये ठाण मांडून होतं. लोकांचा संशय सीरियावर गेला आणि देश दोन भागांत विभागला.

८ मार्चला हिजबुल्ला आणि मित्रपक्षांनी सीरियाचे आभार मानणारा मोठा मोर्चा काढला. १४ मार्चला विरोधकांनी त्याहून मोठा मोर्चा काढून सीरियाला चालतं व्हायला सांगितलं. त्या तारखाच गटांची नावं झाली! एप्रिल अखेर सीरियाचं सैन्य परत गेलं.

'१४ मार्च' गटाचे नेते होते रफिक हरीरींचे पुत्र साद हरीरी. त्यांच्यामागे सौदी अरेबिया, अमेरिका, फ्रान्स. '८ मार्च' गटामागे इराण आणि सीरिया. गंमत म्हणजे (आणि हे महत्त्वाचं आहे) ही फूट सरळ ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम अशी नव्हती. बहुतेक सुन्नी एका बाजूला, बहुतेक शिया दुसऱ्या बाजूला, आणि ख्रिश्चन दोन्हीकडे वाटलेले. माजी सेनापती मिशेल औन यांचा ख्रिश्चन पक्ष हिजबुल्लाबरोबर होता. धर्मावरून गट ओळखायची सवय मुलांना लवकर लागते, तिला हा चांगला उतारा आहे.

मे २००८ : मतदानाआधीचा धडा

२००९ ची निवडणूक समजायची असेल, तर एक वर्ष मागे जायला हवं. मे २००८ मध्ये '१४ मार्च' गटाच्या सरकारने ठरवलं, की हिजबुल्लाचं स्वतःचं खासगी टेलिफोन जाळं बेकायदा आहे, ते बंद करायचं. हिजबुल्लाने याला युद्धाची घोषणा मानलं. तिच्या आणि मित्रगटांच्या बंदूकधाऱ्यांनी काही तासांत पश्चिम बैरूत ताब्यात घेतलं. देशाचं सैन्य मध्ये पडलं नाही. पडलं असतं तर सैन्यातच पंथांप्रमाणे फूट पडायची भीती होती. सरकारने निर्णय मागे घेतला.

मग सगळे पुढारी विमानाने कतारची राजधानी दोहा इथे गेले. २१ मे २००८ रोजी तिथे करार झाला. ३० मंत्र्यांचं मंत्रिमंडळ ठरलं : १६ बहुमतवाल्यांचे, ११ विरोधकांचे, ३ राष्ट्राध्यक्षांचे. हा ११ चा आकडा कुठून आला? लेबनॉनच्या राज्यघटनेनुसार महत्त्वाच्या निर्णयांना दोन-तृतीयांश मंत्र्यांची संमती लागते, आणि एक-तृतीयांशाहून अधिक मंत्र्यांनी राजीनामा दिला तर सरकारच पडतं. तीसचा तिसरा हिस्सा दहा. म्हणजे अकरा जणांच्या हातात सरकारचा लगाम आणि सरकारचा जीव, दोन्ही! हे सगळं मतपेटीतून नव्हे, तर बंदुकीच्या जोरावर मिळालं होतं.

७ जून २००९ : मतदानाचा दिवस

आता प्रत्यक्ष निवडणूक. २६ मतदारसंघ, १२८ जागा, आणि प्रथमच सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान. युरोपीय संघाचे निरीक्षक आले होते, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः निरीक्षक म्हणून हजर होते. दिवस एकंदरीत शांततेत पार पडला. साधारण निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी मत दिलं. मोजणीवर मोठा आक्षेप कोणी घेतला नाही.

पण पडद्यामागे काय चाललं होतं, ते पाहू.

तिकिटं. लेबनॉनमध्ये माणूस राहतो तिथे नाही, तर वाडवडिलांच्या मूळ गावी मतदार असतो. परदेशातून मत देण्याची सोय तेव्हा नव्हती. लेबनीज लोक तर जगभर पसरलेले. मग दोन्ही बाजूंनी परदेशस्थ समर्थकांना विमानाची तिकिटं काढून दिली. आपल्याकडे मुंबईहून कोकणात किंवा घाटावर मतदानासाठी गाड्या भरून जातात, हे आपण पाहिलेलं आहे. तिथे विमानं भरून आली.

चिठ्ठ्या. तेव्हा सरकारने छापलेली मतपत्रिकाच नव्हती. पक्षच उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून मतदाराच्या हातात देत. नावांचा क्रम, अक्षरांचं वळण थोडं बदललं, की कोणत्या घराने कोणती चिठ्ठी टाकली ते मोजणीत ओळखता येई. म्हणजे पैसे घेऊन मत दिलं की नाही, याची पावतीच! गुप्त मतदानाचं महत्त्व सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. (छापील सरकारी मतपत्रिका पुढे २०१७ च्या कायद्याने आल्या.)

पाहुणे. मतदानाच्या दोन आठवडे आधी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन बैरूतला आले. पुढे कसं सरकार येतं, ते पाहून अमेरिका मदतीचा विचार करील, असं त्यांनी जाहीरपणे सुचवलं. सौदी पैसा, इराणी पैसा यांच्या बातम्या तर जगभर छापून येत होत्या. इथे एक गोष्ट मुलांना नीट सांगा : परकीय हस्तक्षेप नेहमी दुसऱ्याच बाजूचा दिसतो. '१४ मार्च'वाले इराणबद्दल बोलत, '८ मार्च'वाले अमेरिका-सौदीबद्दल. आपल्या घरी येणारा मात्र 'मित्र' असतो.

खरी चुरस होती ती ख्रिश्चन मतं निर्णायक असलेल्या मतदारसंघांत. झाहले आणि बैरूतचा पहिला मतदारसंघ इथल्या सगळ्या जागा '१४ मार्च' गटाने जिंकल्या आणि निकाल लागला : '१४ मार्च' ७१, '८ मार्च' ५७. नसरल्ला यांनी पराभव मान्य केला.

इथे पाठ संपायला हवा होता, नाही का? जिंकले ते राज्य करणार, हरले ते विरोधात बसणार.

निकालानंतर काय झालं?

जूनअखेर साद हरीरी यांना सरकार बनवायला सांगण्यात आलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये त्यांनी हात टेकले आणि मग पुन्हा जबाबदारी घेतली. ऑक्टोबरमध्ये सौदी राजे अब्दुल्ला सीरियाची राजधानी दमास्कस इथे गेले, दोन देशांतला अबोला सुटला आणि मग कुठे ९ नोव्हेंबरला बैरूतमध्ये मंत्रिमंडळ तयार झालं. मतदान जूनमध्ये लेबनॉनच्या लोकांनी केलं, पण सरकारचा मुहूर्त ठरला तो दुसऱ्या दोन देशांची बोलणी झाल्यावर.

आणि मंत्रिमंडळ कसं? १५ जिंकलेल्यांचे, १० हरलेल्यांचे, ५ राष्ट्राध्यक्षांचे. सरकारच्या पहिल्याच निवेदनात 'प्रतिकारा'चा, म्हणजे हिजबुल्लाच्या शस्त्रांचा हक्कही मान्य करावा लागला. डिसेंबरमध्ये साद हरीरी दमास्कसला गेले आणि ज्या सरकारवर वडिलांच्या हत्येचा आरोप त्यांच्याच गटाने केला होता, त्या सरकारच्या प्रमुखाशी त्यांनी हस्तांदोलन केलं. निवडणूक जिंकलेल्या माणसाचं हे छायाचित्र वर्गात दाखवा आणि विचारा, "यांच्यात जिंकलेला कोण वाटतो?"

शेवट तर त्याहून बोलका आहे. रफिक हरीरी हत्येच्या आंतरराष्ट्रीय खटल्यावरून वाद पेटला. १२ जानेवारी २०११ रोजी साद हरीरी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेटायला गेले होते. त्याच वेळी बैरूतमध्ये विरोधी गटाच्या १० मंत्र्यांनी राजीनामे दिले. राष्ट्राध्यक्षांच्या पाचांपैकी एकानेही दिला. दहा अधिक एक, अकरा! सरकार पडलं. हरीरी भेटीला गेले तेव्हा सरकार होतं, आणि परत आले ते काळजीवाहू पंतप्रधान म्हणून. जूनमध्ये नजीब मिकाती यांचं नवं सरकार आलं, त्यात वरचष्मा '८ मार्च' गटाचा होता. मध्ये एकही निवडणूक झाली नव्हती.

पुढची निवडणूक २०१३ मध्ये व्हायची होती. संसदेने स्वतःचीच मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. ती झाली मे २०१८ मध्ये. चार वर्षांसाठी निवडलेली संसद जवळजवळ नऊ वर्षं बसली.

मग निवडणूक खोटी होती का?

हा प्रश्न वर्गात येतोच. माझं उत्तर : नाही. मोजणी खरी होती. पण सत्तेच्या काही किल्ल्या मतपेटीत टाकलेल्याच नव्हत्या. बंदूक कोणाकडे राहील, पैसा कुठून येईल, सरकार केव्हा बनेल हे प्रश्न मतदारांना विचारलेच गेले नाहीत. मतदाराने पेपर प्रामाणिकपणे सोडवला, पण महत्त्वाचे प्रश्न त्याच्या पेपरात नव्हते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. लेबनॉनमधले लोक असं का चालवून घेतात? कारण त्यांनी पंधरा वर्षांचं यादवी युद्ध पाहिलेलं आहे. 'जिंकलेला सगळं घेतो' असं झालं, तर हरलेला पंथ घाबरून शस्त्रं उचलेल, ही भीती खरी आहे. सगळ्यांना वाटा देणारी व्यवस्था या भीतीवरचा उपाय म्हणून आली. वाटा देणं चूक नव्हे. पण एकाच वाटेकऱ्याकडे बंदूक असेल, तर ती वाटणी राहत नाही, तो सौदा होतो. आणि भीती आहे तोवर प्रत्येक पंथ बाहेरचा पाठीराखा शोधत राहतो.

२०२४ मध्ये इस्रायलशी झालेल्या युद्धात नसरल्ला मारले गेले आणि हिजबुल्लाची ताकद बरीच कमी झाली. दोन वर्षांहून अधिक काळ रिकामं असलेलं राष्ट्राध्यक्षपद जानेवारी २०२५ मध्ये भरलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सर्व शस्त्रं फक्त सरकारच्या हाती आणण्याची योजना तयार करायला सैन्याला सांगितलं. म्हणजे १९८९ च्या समझोत्यातलं अपुरं राहिलेलं कलम ३६ वर्षांनी पुन्हा फळ्यावर आलं आहे.

वर्गात कसं घ्याल?

एक तास पुरतो. तीस मुलांना मंत्री करा. १५, १० आणि ५ असे गट पाडा. महत्त्वाच्या निर्णयाला किमान २० मतं हवीत आणि ११ जण उठून बाहेर गेले की सरकार पडलं, एवढे दोनच नियम. मग एखादा साधा ठराव ठेवा, उदाहरणार्थ सहल कुठे न्यायची. दहा मिनिटांत मुलं पाचांच्या गटातल्या एकेकाला आपल्याकडे ओढू लागतात. नंतर एका गटाला गुपचूप चॉकलेटची पिशवी द्या आणि काय बदलतं ते फक्त पाहा. त्यानंतर हे प्रश्न विचारा :

१. मोजणी बरोबर असूनही निकाल निरुपयोगी कसा ठरू शकतो?
२. मतदान गुप्त नसेल, तर गरीब मतदाराचं काय होईल?
३. अल्पसंख्य गटाला सुरक्षित वाटावं म्हणून काय करता येईल, शस्त्रं न देता?
४. निवडणूक हरल्यावर घरी जाणं, ही लोकशाहीतली केवढी मोठी गोष्ट आहे?

पालकांनो, चौथा प्रश्न घरीही घ्या. आपल्याकडे निवडणुकीत पाकिटं फिरतात, जातीची गणितं मांडली जातात, हे मुलं पाहतातच. ते लपवू नका. पण हेही दाखवा, की आपल्याकडे सरकारं पडली, मोठमोठे नेते हरले, आणि सैन्य बराकीत राहिलं. हे आपोआप होत नाही. पिढ्यांनी जपलेली ती सवय आहे, आणि सवय मोडूही शकते.

आणि हो, आमच्या त्या क्रीडामंत्र्याचं काय झालं? दुसऱ्या महिन्यात पालकांनी वर्गणी काढून शाळेला नवी बॅट घेऊन दिली. कपाटात ठेवली, किल्ली मंत्र्याकडे. संघ तीच निवडू लागली, आणि हरलेला मुलगा सलामीला खेळू लागला, कारण तो खेळायचाच चांगला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकते : मत द्यायचंच, पण बॅट सगळ्यांची आहे ना, हे आधी बघायचं.

तुम्ही हा पाठ वर्गात घेतलात, तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. बऱ्याचदा त्यांचे प्रश्न आपल्या उत्तरांपेक्षा चांगले असतात.